डबा रिकामा परत करत नाहीत

डबा : इकडे

सोमवारी सकाळी पांढरीपांड्यांच्या फ्रिजच्या दारावर एक कागद लागला. वर लिहिलं होतं, 'घरातलं जेवण, आवृत्ती १.०', आणि खाली अकरा नियम होते. पहिल्या नियमाने तळण गेलं, दुसऱ्याने मैदा, तिसऱ्याने साखर. चौथ्याने तूप गेलं तेव्हा नेत्राने वाचणं थांबवलं आणि चहा टाकला. चहाचा नियम सातवा होता.

कागद तिच्या नवऱ्याने, निहारने लावला होता. निहार अमेरिकेतल्या श्रूजबरी गावाजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या आणि त्यांच्या तोंडावर सांगायच्या. ऑफिसात याचा पगार मिळत असे, घरी तो हे फुकट करत असे.

या वेळी चूक त्याच्याच रक्तात सापडली होती. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने खाण्यापिण्यावर लक्ष द्यायला सांगितलं होतं, नाहीतर रोज एक छोटी गोळी. गोळीत घाबरण्यासारखं काही नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण निहारच्या वडिलांना, कृष्णरावांना, अशीच छोटी गोळी सुरू झाली होती आणि पुढच्या वर्षी ते गेले. छप्पन्न वर्षांचे होते. निहार तेव्हा नुकताच अमेरिकेत आला होता, त्याला नागपूरला पोचायला दोन दिवस लागले. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्याने दहा वर्षांची वजाबाकी पुन्हा पुन्हा करून पाहिली होती. उत्तर दर वेळी तेच यायचं.

तेव्हा त्याने ठरवलं की घरातलं प्रत्येक माणूस शंभर वर्षं जगेल. यात मे महिन्यात नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आईही होती. पद्मिनीबाई बहात्तर वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी येताना दोन बॅगा भरून चकल्या, अनारसे, शंकरपाळे आणि चकलीचा पितळी सोऱ्या आणला होता. निहारने हे सगळं एका खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवलं, कुणाला तरी देऊन टाकू म्हणाला.

दहाव्या नियमात काय खायचं त्याची यादी होती. अकरावा नियम असा होता : यादीबाहेरचं काही खायचं असल्यास चोवीस तास आधी लेखी विनंती करावी. त्यासाठी शेजारी तारखेपासून निर्णयापर्यंत रकाने आखलेला दुसरा कागद होता. आठवड्याभरात आई, नेत्रा आणि मुलगी आन्या यांनी मिळून त्याची अवस्था अशी केली :

विनंती १. काय : एक चमचा साजूक तूप. कारण : वरणभात. मागणार : आई. निर्णय : नामंजूर.

विनंती २. काय : अर्धा चमचा. कारण : तेच. मागणार : तीच. निर्णय : नामंजूर.

विनंती ३. काय : पिझ्झा. कारण : आय ॲम अ चाइल्ड. मागणार : आन्या. निर्णय : नामंजूर.

विनंती ४. काय : नवरा बदलून मिळावा. मागणार : नेत्रा. निर्णय : फॉर्म चुकीचा भरला आहे.

आठव्या दिवशी निहार जिन्यावरून उतरत असताना त्याला स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं. आई नेत्राला विचारत होती, "माझं तिकीट नोव्हेंबरचं आहे नं, ते ऑगस्टचं होते का बघ बरं."

निहार तसाच पायरीवर थांबला. मग खाली आला.

"आई, मी हे तुझ्यासाठीच करून राहिलो. तू शंभर वर्षं जगावीस म्हणून."

पद्मिनीबाईंनी समोरच्या ताटलीकडे पाहिलं. ताटलीत वाफवलेला केल नावाचा पाला होता, सात अक्रोड होते आणि नाचणीची एक भाकरी होती, जिला तेलातुपाचा वाराही लागला नव्हता.

"मला तर आठ दिवसांतच शंभर झाल्यासारखे वाटून राहिले," त्या म्हणाल्या.

बरंच बोलणं झालं. शेवटी पंधरा दिवस थांबून बघते, एवढ्यावर त्या आल्या. पंधरा दिवसांनी मात्र तिकीट बदलायचं. निहारने मान डोलावली. त्याच्या डोक्यात आता दोन तारखा होत्या. एक सप्टेंबरमधल्या रक्ततपासणीची, दुसरी आईच्या जाण्याची. पहिलीची त्याला भीती वाटत होती. दुसरीचा विचार तो करतच नव्हता, म्हणजे दिवसभर करत होता.

डबा : तिकडे

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निहार घरी आला तेव्हा मांडणीवरचा स्टीलचा डबा जागेवर नव्हता.

हा डबा ओळखू येण्यासारखा होता. पद्मिनीबाईंच्या लग्नातला. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'कृष्णराव ज. पांढरीपांडे, नागपूर, १२.५.७६'. कृष्णराव एकोणतीस वर्षं तो डबा सायकलला, मग स्कूटरला लावून ऑफिसात नेत होते. पद्मिनीबाई कुठेही गेल्या तरी तो त्यांच्याबरोबर जायचा.

विचारल्यावर त्या म्हणाल्या की शेजारच्या ॲग्नेसबाईंना थोडं खायला दिलंय.

"काय दिलंस?"

"खायचं."

निहारने आईला आधीच सांगून ठेवलं होतं की कुणाला काही द्यावंसं वाटलं तर अक्रोड द्यावेत. त्यामुळे त्याने अक्रोड गृहीत धरले. अक्रोडांची पिशवी तोलून पाहिली असती तर तिचं वजन तेवढंच भरलं असतं. पण तपासायचं ते त्याने तपासलं नाही, आणि इथून पुढे ही सवय वाढत गेली.

ॲग्नेस डॉयल चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. घरात एकट्या. डोक्यावर उन्हाळ्यातही लाल लोकरीची टोपी. सकाळी पत्रपेटीपर्यंत काठी टेकत जायच्या आणि परत यायच्या, आणि निहार खिडकीतून बघत राहायचा. शंभरीच्या इतक्या जवळ पोचलेलं माणूस त्याच्या गल्लीत एवढं एकच होतं.

डबा : इकडे

बुधवारी डबा परत आला आणि त्यात सूप होतं.

निहारने झाकण काढलं. पांढरे बीन्स, बार्ली, गाजर, कोबी, आणि सगळ्यावर तरंगणारी केलची पानं. मीठ नाही, तेलाचा थेंब नाही. त्याने एकदा सुपाकडे आणि एकदा फ्रिजवरच्या यादीकडे पाहिलं. यादीतले पहिले पाच पदार्थ त्या डब्यात पोहत होते.

"आपल्या डब्यात यांचं सूप कसं आलं?"

"रिकामा परत करत नाहीत असं सांगितलं मी तिला," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तिला फार आवडलं ते. म्हणाली, ही पद्धत चांगली आहे."

निहारने एक चमचा तोंडात घातला. चव अशी नव्हतीच. ओलं आणि कोमट, एवढंच त्याविषयी सांगता आलं असतं. पण चौऱ्याण्णव वर्षं कशी काढतात, हे त्याच्या हातातल्या चमच्यात होतं.

डबा : तिकडे

सकाळी साडेदहाला गेला.

डबा : इकडे

दुपारी आला. सूप. बार्ली जास्त.

डबा : तिकडे

गेला. आन्या घेऊन गेली. तिला उन्हाळ्याची सुट्टी होती. तिथे जाऊन तासभर काय करत होतीस, असं बाबांनी संध्याकाळी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हेल्पिंग." हाताला कसला तरी वास येत होता. आन्या म्हणाली, क्रेयॉन्स.

डबा : इकडे

सूप. या वेळी मसूर.

जुलै संपेपर्यंत घराचा पूर्ण कायापालट झाला, असं निहारचं म्हणणं होतं. रात्रीच्या जेवणाला रोज ॲग्नेसचं सूप. तो दोन वाट्या घ्यायचा. बाकीची तिघं अर्धा अर्धा डाव घ्यायची आणि पोट भरलं म्हणायची. आन्यासुद्धा. दोन महिन्यांपूर्वी ही मुलगी जेवणानंतर तासाभराने पुन्हा फ्रिज उघडायची. शुद्ध आहार मिळाला की भूक आपोआप आटोक्यात येते, असं निहारने वहीत लिहिलं. ॲग्नेसच्या निरीक्षणांसाठी त्याने वेगळी वही केली होती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंधरा दिवस होऊन गेले आणि आईने तिकिटाचं नाव काढलं नाही. महिना झाला, तरी नाही. विनंत्यांच्या कागदावर नवी ओळ पडेनाशी झाली. त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. दिवसातून दोनदा त्या चालत ॲग्नेसकडे जायच्या आणि परत यायच्या. केसांना खमंग वास यायचा. निहारला वाटलं, नवा शाम्पू.

एका शुक्रवारी तो घरून काम करत होता. अकराच्या सुमाराला ॲग्नेसच्या दारात एक पांढरी गाडी थांबली, एक माणूस हातात काहीतरी घेऊन आत गेला आणि मिनिटात बाहेर आला. नळवाला असावा, असं निहारने ठरवलं. त्यानंतर थोड्याच वेळात वाऱ्याबरोबर तळणाचा वास आला. असा घमघमीत वास श्रूजबरीत त्याने कधी घेतला नव्हता. क्षणभर त्याला नागपूरचं घर आठवलं, दिवाळीच्या आधीचं.

नेत्रा शेजारी बसून ईमेल लिहीत होती. तो म्हणाला, "कुठेतरी काहीतरी तळताहेत. बिचारे."

"हो ना यार," नेत्रा म्हणाली आणि बाहेर गेली. मसुराच्या सुपाचा नमुना आणते म्हणाली. तिला यायला पाऊण तास लागला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त दिलं. अहवाल फोनवर आला तेव्हा तो पार्किंगमध्ये होता. एकशे अडुसष्टाचे एकशे एकोणीस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी एकच ओळ लिहिली होती : जे करताय ते चालू ठेवा. गोळी नको.

निहार गाडीत बसला. मग त्याने आईला फोन केला. आई शेजारच्या घरी होती. मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांनी नीट ऐकू येत नाही.

डबा : वाचनालयात

माणूस वाचला की त्याला इतरांना वाचवावंसं वाटतं. निहारने मराठी मंडळाची सेक्रेटरी कादंबरी हिला फोन केला. गावाच्या वाचनालयातला हॉल शनिवारी दुपारी तीनला मिळाला. विषय : 'शंभरीचं जेवण, आपल्या शेजारी'. प्रमुख पाहुण्या : ॲग्नेस डॉयल. अल्पोपाहार : भिजवलेले शेंगदाणे.

हे त्याने घरी सांगितलं.

"तिला नको बोलावूस," पद्मिनीबाई म्हणाल्या. "थकते ती."

"आई, त्या रोज पत्रपेटीपर्यंत जातात."

"बोलायची सवय नाही तिला."

"तू रोज चार तास तिच्याशी बोलतेस."

"मी बोलते," आई म्हणाली. "ती ऐकते."

नेत्राने मंडळाचे लोक हल्ली शनिवारी येतच नाहीत असं सुचवून पाहिलं. आन्याने सुचवलं की बाबांनी ही टॉक कॅन्सल करावी, "लाइक, फॉरेव्हर." निहारला तिघींचा संकोच समजला. घरातली गोष्ट चारचौघांत न्यायला बायकांना आवडत नाही. तो स्वतः ॲग्नेसकडे जाऊन आमंत्रण देऊन आला. ॲग्नेसला फार आनंद झाला. तिने लगेच विचारलं की टोपी कुठली घालू.

शनिवारी साठेक माणसं आली. पहिल्या रांगेत पद्मिनीबाई ताठ बसल्या होत्या, शाळेत इन्स्पेक्टर येण्याच्या दिवशी बसत तशा. समोर टेबलावर पांढऱ्या कापडावर तो स्टीलचा डबा, धुऊन पुसून. पडद्यावर एकशे अडुसष्टापासून एकशे एकोणीसपर्यंत उतरत आलेली रेघ. निहार पंचवीस मिनिटं बोलला. वडिलांविषयी एक वाक्य बोलला आणि लगेच पुढच्या स्लाइडवर गेला. मग सुपाचा फोटो आला, लोकांनी मोबाइल वर करून तो टिपला, आणि टाळ्यांच्या गजरात ॲग्नेसबाई काठी टेकत समोर आल्या.

त्या अर्थातच इंग्रजीत बोलल्या. पण त्यांचं बोलणं मराठीत सांगायला अडचण नाही, कारण त्या पद्मिनीबाईंसारखंच बोलायच्या : सावकाश, आणि सुरू केलेलं शेवटाला नेत.

"हे सूप मी ओळखते," पडद्याकडे काठी करून त्या म्हणाल्या. "दोन वर्षं रोज अकराला माझ्याकडे येतं. म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण पोचवणारी एक पांढरी गाडी आहे. माझ्या मुलीने माझं नाव घातलं. पहिल्या आठवड्यात मी एक चमचा खाल्ला होता."

हॉलमध्ये कुणीतरी शेंगदाणे चावायचं थांबलं.

"एकच?" निहारने विचारलं.

"नंतर मी ते मागच्या अंगणात एका भटक्या रॅकूनला घालायचे. तोही यायचा बंद झाला. मग पद्मिनीने हा डबा दिला आणि सांगितलं, रिकामा परत करत नाहीत. माझ्या घरात दुसरं काय होतं? मला वाईट वाटायचं, पण पद्मिनी म्हणाली, पाठव, आमच्याकडे एकाला हेच हवंय."

साठ माणसांनी त्या एकाकडे पाहिलं.

मागच्या रांगेतून एक काका उठले. डब्यातून त्यांच्याकडे काय जायचं, असं त्यांनी इंग्रजीत, पण अगदी मराठी आतुरतेने विचारलं. ॲग्नेसबाईंनी एक बोट वर केलं आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं, "चकली." दुसरं बोट वर केलं. "अनारसा." तिसऱ्याला जरा थांबल्या, पद्मिनीबाईंकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "थालीपीठ. विथ बटर." खोक्यातलं संपल्यावर पद्मिनीने सोऱ्या तिकडेच नेला, हेही त्यांनी सांगितलं. मुलगी शाळेतून आली की तिथेच खायची. सूनबाई शुक्रवारी यायची. छान बायका आहेत, कढई घासून ठेवतात.

आन्या नेत्राच्या मागे सरकली. नेत्रा कुणाच्याच मागे सरकू शकत नव्हती.

"आणि रिपोर्ट?" काकांनी विचारलं. त्यांना आता बसवणं शक्य नव्हतं.

ॲग्नेसबाईंचं वजन सहा पौंडांनी वाढलं होतं. दोन वर्षं उतरतच चाललं होतं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली होती. जे करताय ते चालू ठेवा, म्हणाले होते.

"पण पद्मिनीकाकू यायच्या आधीची नव्वद वर्षं तुम्ही काय खात होता?"

"माझ्या नवऱ्याचं वूस्टरला डोनटचं दुकान होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. संध्याकाळी उरलेले कोण संपवणार?"

हसण्याची पहिली लाट आली तेव्हा निहार रिमोटची बटणं दाबत होता. पडद्यावर स्लाइड मागे गेली, पुढे गेली आणि सुपावर येऊन थांबली. त्याला वाटलं, कुठूनतरी काहीतरी वाचवायला हवं.

"मिसेस डॉयल, मग तुमच्या मते चौऱ्याण्णव वर्षं कशामुळे?"

"मला काय माहीत," ॲग्नेस म्हणाल्या. त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि डबा दोन्ही हातांनी उचलला. "पण गेल्या वर्षी मी मुलीला सांगून टाकलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात माझ्यासाठी टोमॅटोची रोपं आणू नकोस. आता रोज सकाळी उठले की हा एकतर माझ्याकडे असतो, नाहीतर यायचा असतो. ही अक्षरं काय आहेत ते मी पद्मिनीला विचारलं. ती म्हणाली, हे तिच्या नवऱ्याचं नाव." त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव असलेला डबा घरात ठेवून मी कशी मरणार? लोक काय म्हणतील?"

त्यानंतर बराच वेळ कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. कादंबरीने आभार मानले ते कुणाला कळले नाहीत. पद्मिनीबाईंभोवती घोळका झाला आणि सहा जणींनी दिवाळीच्या चकल्यांची ऑर्डर दिली. त्यातली एक मंडळाची आहारतज्ज्ञ होती.

डबा : गाडीत, मग इकडे

परतताना ॲग्नेसबाई पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन झोपल्या होत्या. उतरताना त्यांनी तो निहारच्या हातात दिला. आज तो रिकामा होता, पण सभेसाठी नेलेला म्हणून चालत असावा.

घरी आल्यावर निहार स्वयंपाकघरात उभा राहिला. आई पाठोपाठ आली.

"बुक कर तिकीट," ती म्हणाली. "मला कळते."

"तीन महिने, आई. तीन महिने तुम्ही सगळ्यांनी मला मूर्ख बनवलं."

"तुला सूप लागू पडलं. मी कशाला मोडता घालू?"

"मग आधीच सांगायचं होतं. मी काही तुला उपाशी मारत होतो का?"

पद्मिनीबाईंनी फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"हा कागद मी रोज सकाळी वाचते. तळण नको, तूप नको, साखर नको. तुझे बाबा गेले ते हे खाऊन, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. पण तेच लिहिलंय." त्यांनी डबा पुढे ओढला. "आणि हा डबा भरत कोण होतं, निहार? एकोणतीस वर्षं?"

निहारने कागद वाचला. अकराच्या अकरा नियम त्यानेच लिहिलेले होते, दोनदा तपासलेले होते. त्यात ही चूक त्याला दिसली नव्हती.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "मला नुसती भीती वाटली होती."

"मलाही वाटली. तू सेहेचाळीसचा झालास त्या दिवसापासून. म्हणून तर सूप रोज मोजून आणत होते तुझ्यासाठी. एक दिवस चुकवला का?"

चुकवला नव्हता. निहारच्या वहीत सगळ्या नोंदी होत्या.

त्याने पेन घेतलं आणि चौथ्या नियमापुढे लिहिलं, 'वरणभातावर एक चमचा'. थोडा विचार करून एकाचे दोन केले. पद्मिनीबाईंनी चष्मा लावून वाचलं.

"आवृत्ती बदल की मग वरची," त्या म्हणाल्या. तो बदलत असताना त्यांनी नेत्राला हाक मारून सांगितलं की तिकीट नोव्हेंबरचंच राहू दे.

डबा : तिकडे

नोव्हेंबरमध्ये पद्मिनीबाई ठरल्या तारखेला गेल्या. बॅग भरताना त्यांनी डबा भरला नाही.

"तो ॲग्नेसकडे आहे," त्या विमानतळावर म्हणाल्या. "सोऱ्या खालच्या कपाटात आहे. डबा आला की मग तू बघ."

डबा : इकडे

तीन दिवसांनी आला. बीन्स, बार्ली, केल. निहारने सूप वाटीत काढून घेतलं. आता त्याला त्यात चवही लागायला लागली होती, पण हे तो कुणाला सांगत नव्हता. डबा धुतला, पुसला आणि ओट्यावर ठेवला. ठिपक्यांतलं नाव त्याच्याकडे बघत राहिलं. सात अक्रोड टाकून पाहिले. बुडाशी खडखडले. काढून घेतले.

रविवारी सकाळी साडेआठला त्याने व्हिडिओ कॉल लावला. नागपूरला संध्याकाळ झाली होती. फोन तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला. आन्या खुर्चीवर चढून बघायला उभी राहिली, नेत्रा चहा घेऊन दारात टेकली. सोऱ्या दाबताना पहिली चकली तीन ठिकाणी तुटली, दुसरी पाच ठिकाणी.

"मोहन कमी पडलं," पडद्यावरून आई म्हणाली. "अजून दोन चमचे कडकडीत तेल घाल पिठात."

"अजून?"

"निहार."

त्याने घातलं. सातव्या प्रयत्नाला वेटोळं नीट पडलं. तेलात सोडल्यावर ते फुललं, वास घरभर पसरला. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला एकदम फार भूक लागली. तेव्हा त्याला नियम आठवला. त्याने पीठ लागलेल्या हातानेच फ्रिजवरचा कागद पुढे ओढला.

विनंती ५. काय : चकल्या, आठ. सहा डब्यात, दोन इथेच. कारण : डबा रिकामा आहे. मागणार : निहार.

निर्णयाचा रकाना मोकळा ठेवून त्याने फोन उचलला आणि कागदासमोर धरला. आईने चष्मा शोधला, लावला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं.

"अकरावा नियम काय म्हणते?" तिने विचारलं.

"चोवीस तास आधी विनंती करावी."

"मग? उद्या ये."

आन्या फिसकन हसली. निहारने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून पलीकडे. लाल टोपी पत्रपेटीपर्यंत जाऊन परत निघाली होती आणि आत जाता जाता या घराकडे बघत थांबली होती. चकल्या गरम होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाची खोटी नोंद कधी खपवून घेतली नव्हती.

त्याने पेन घेतलं आणि तारखेच्या रकान्यात कालची तारीख घातली.

डबा : तिकडे